एनआयओएसची दहावी, घरी शिकलेल्या मुलीसाठी: सविस्तर रिव्ह्यू

ज्यांना पूर्ण वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकते. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, बोर्ड म्हणून पाचपैकी साडेचार स्टार. शिकवणारी संस्था म्हणून अडीच. आणि घरी शिकलेलं पोर उद्या स्वतःच्या पायावर उभं राहील का, त्यात या बोर्डाची मदत होते का, याचं उत्तर स्टारमध्ये बसत नाही म्हणून हे एवढं लांबलचक लिहितेय.

थोडी पार्श्वभूमी. आम्ही नाशिकजवळ राहतो, लेक दुसरीनंतर शाळेत गेलेली नाही, आता सतरा वर्षांची आहे, दहावी एनआयओएसमधून झाली आणि बारावीही तिथूनच चालू आहे. शाळेतून का काढलं यावर मी इथे लिहिणार नाही, त्यावर नातेवाइकांशी बोलून झालंय. ज्यांनी आधीच घरी शिकवायचं ठरवलंय किंवा ठरवायच्या काठावर आहेत आणि "दहावीचं काय" या एका प्रश्नापाशी अडकलेत, त्यांच्यासाठी हे आहे.

आधी कायद्याचं, कारण ते सगळेच विचारतात, माझे सासरे तर वर्षानुवर्षं विचारत होते, "पोलीस येणार नाहीत ना गं?" नाही येत. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षण मिळायलाच पाहिजे म्हणतो, त्यात घरी शिकवण्याबद्दल वेगळं कलम नाही, आणि २०१२ मध्ये केंद्र सरकारनेच दिल्ली हायकोर्टात सांगितलं की जे पालक स्वखुशीने मुलांना घरी शिकवतात त्यांना हा कायदा आड येत नाही. तेव्हा रात्री शांत झोपा. मात्र शाळा नाही म्हणजे बोनाफाईड नाही, दाखला नाही, आणि आपल्याकडे अर्ध्या गोष्टी बोनाफाईडवर चालतात, एसटीच्या विद्यार्थी पासपासून सगळं. एनआयओएसला नाव घातलं की निदान हातात एक ओळखपत्र येतं आणि पोरगी कुठल्या तरी यादीत येते.

तर बोर्ड. हे काही कोणाचं खासगी दुकान नाही, केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाखालची स्वायत्त संस्था आहे. १९७९ मध्ये सीबीएसईने मुक्त शाळेचा एक प्रयोग सुरू केला होता, त्यातून १९८९ मध्ये नॅशनल ओपन स्कूल झालं आणि २००२ पासून आताचं नाव. मुख्यालय नोएडाला, महाराष्ट्रासाठी प्रादेशिक केंद्र पुण्यात. सर्टिफिकेट सीबीएसई किंवा आपल्या बोर्डाच्या तोडीचं धरलं जातं, कॉलेज, जेईई, सरकारी नोकरी, सगळीकडे. नीटसाठी मुक्त शाळेची मुलं चालणार नाहीत असा नियम मधे होता, तो २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने रद्द केला, पुढे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०२४ मध्ये तिथूनही मोकळं झालं. त्यामुळे "त्या सर्टिफिकेटला किंमत नाही" असं सांगणाऱ्या काकांना हे वाचून दाखवा.

महाराष्ट्रात दुसरे रस्ते काय आहेत? एक आपला जुना १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून स्टेट बोर्डाची परीक्षा द्यायचा. तो बहुतेक घरात कोणी ना कोणी भरलेला असतो, माझ्या मावसभावाने भरला होता. पण तो मुळात शाळा सुटलेल्यांसाठी आहे, त्यात शाळा सोडल्याचा दाखला मागतात आणि अभ्यासक्रम पूर्ण स्टेट बोर्डाचा, सगळे विषय नेहमीच्या पोरांसारखे. दुसरं म्हणजे महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ, ते पुण्यात बोर्डाच्याच छत्राखाली आहे, ज्यांना राज्यातच राहायचंय त्यांनी जरूर चौकशी करा. तिसरं केंब्रिजची आयजीसीएसई, म्हणजे दहावीच्या तोडीची परदेशी बोर्डाची परीक्षा, प्रायव्हेट कॅंडिडेट म्हणून, पुण्यामुंबईचे बरेच होमस्कूलर ती देतात, पण तिची फी बघून आम्ही तिथेच थांबलो. एनआयओएसला दहावीसाठी वय चौदा पूर्ण पाहिजे, जन्मदाखला पाहिजे, आणि आधीची कुठलीही मार्कशीट नसेल तर मी दहावीचा अभ्यास करू शकते असं स्वतःच लिहून द्यायचं. बस. घरी शिकलेल्या मुलासाठी ही एक ओळ लाखमोलाची आहे, कारण बाकी सगळीकडे "मागच्या वर्षीचा निकाल जोडा" इथे गाडी अडते. फी पाच विषयांची आणि परीक्षेची सगळी धरून काही हजारांत बसते, साइटवर चालू आकडा बघून घ्या, तो बदलत असतो.

विषय. इथे माझी पोरगी खूश झाली. पाच विषय घ्यायचे, त्यात किमान एक भाषा, हवं तर वर दोन जादा. मराठी आहे, गणित विज्ञान आहे, पण त्याबरोबर होम सायन्स, सायकॉलॉजी, बिझनेस स्टडीज, पेंटिंग, डेटा एंट्री, भारतीय संस्कृती आणि वारसा, संगीतसुद्धा आहे. दहावीची परीक्षा मराठी माध्यमातूनही देता येते, फक्त माध्यम टिक करायच्या आधी तुमच्या विषयाचं पुस्तक मराठीत साइटवर आहे का ते उघडून बघा. लेकीने मराठी, इंग्रजी, गणित, होम सायन्स आणि डेटा एंट्री घेतलं. गणित सोडायची मुभा होती, पण पुढे काय करावंसं वाटेल हे चौदाव्या वर्षी कुणाला कळतं, म्हणून ते ठेवलं. ज्या मुलांच्या डोक्यात इंजिनिअरिंग, मेडिकल असं काही आहे त्यांनी गणित विज्ञान अजिबात सोडू नका, सोपे विषय घेऊन दहावी होते पण अकरावी सायन्सच्या दारात दम लागतो.

आणि आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी मी या बोर्डाला एवढे स्टार दिलेत. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल मे आणि ऑक्टोबर नोव्हेंबर. नाव नोंदवलं की पाच वर्षं चालतं, त्यात नऊ वेळा परीक्षा देता येते, आणि पाचही विषय एकदम द्यायची सक्ती नाही. एक विषय द्या, दोन द्या, पास झालेल्या विषयाचे मार्क जमा राहतात आणि बाकीचे पुढच्या वेळी. ऑन डिमांड परीक्षा, म्हणजे आपली तयारी झाली की तारीख घेऊन द्यायची, असाही प्रकार आहे, ठरावीक केंद्रांवर. पासिंग ३३ टक्क्यांना, प्रॅक्टिकल असलेल्या विषयात थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं.

हे सगळं म्हणजे सवलत आहे असं बहुतेक लोक समजतात. मला तसं वाटत नाही. शाळेतल्या मुलाला टाइमटेबल हातात मिळतं, त्याने फक्त त्याप्रमाणे बसायचं. इथे मुलाला बसून ठरवावं लागतं की एप्रिलला काय झेपेल, गणित कधी, दोन पेपरांत किती दिवस आहेत, नातेवाइकांचं लग्न त्या आठवड्यात आहे तर काय करायचं. आमच्या लेकीने कॅलेंडर भिंतीवर लावून पेन्सिलीने विषय लिहिले, खोडले, परत लिहिले, तिचं आणि तिच्या बाबांचं यावरून वाजलंसुद्धा कारण ते म्हणत होते एकदाच सगळं उरकून टाक, आणि ती म्हणत होती "बाबा, परीक्षा मी देणारे, गणित ऑक्टोबरलाच." गणित ऑक्टोबरलाच गेलं. ठरवलेलं निभावायचं पण तिलाच होतं, एप्रिलचे तीन पेपर झाल्यावर उन्हाळाभर कोणी न सांगता सकाळी उठून ती बीजगणित घेऊन बसायची कारण तारीख तिने स्वतः घेतली होती. नोकरीत, धंद्यात, संसारात हेच तर करावं लागतं हो, आणि आमच्यापैकी कितीतरी जण ते पंचविशीनंतर ठेचा खाऊन शिकलो.

म्हणूनच मला राग येतो तो एजंटांचा आणि काही क्लासवाल्यांचा. "फॉर्म आम्ही भरतो, असाइनमेंट आम्ही लिहून देतो, तुम्ही फक्त पेपरला या, पास गॅरंटी" असली जाहिरात करणारे गल्लोगल्ली आहेत. आमच्याकडेही एक आला होता, बरेच पैसे सांगितले. एक तर ही सरळ फसवणूक आहे, बोर्ड कोणाला पास करायचं कंत्राट देत नाही. दुसरं म्हणजे घरी शिकवण्याचा जो खरा फायदा, की पोराने आपलं आपण करणं, तोच तुम्ही पैसे देऊन विकून टाकता. फॉर्म साइटवर ऑनलाइन भरता येतो. मुलाला भरू द्या. तुम्ही शेजारी बसा, फार तर पेमेंट तुम्ही करा.

असाइनमेंटचं सांगते. त्याला टीएमए म्हणजे ट्यूटर मार्क्ड असाइनमेंट म्हणतात, प्रत्येक विषयाला असते, तिला थिअरीच्या २० टक्के वजन असतं. हाताने लिहायची, दिलेल्या मुदतीत द्यायची. घरी शिकलेल्या मुलांना हा पहिला खरा दणका असतो कारण यांना तोंडाने सगळं सांगता येतं, चर्चा करता येते, पण एका प्रश्नाला ठरावीक शब्दांत मुद्देसूद उत्तर लिहायची सवय नसते. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर होम सायन्सची टीएमए चालू होती, प्रश्न होता आहाराबद्दल, ही बाई नाचणीवर दोन पानं लिहून बसली, आजीची आंबील, कुठल्या महिन्यात प्यायची, सगळं. सुंदर लिहिलं होतं. पण विचारलं होतं चारच मुद्द्यांत. मी काही बोलले नाही, तिनेच प्रश्न परत वाचला, मोठा सुस्कारा सोडला आणि नवीन कागद घेतला. समोरच्याने काय विचारलंय ते ऐकून तेवढंच उत्तर देणं हे शिकायला तिला त्या टीएमएंनी मदत केली आणि यासाठी मी त्यांची आभारी आहे. ती नाचणीची दोन पानं आजीने ठेवून घेतली.

आता शिकवणारी संस्था म्हणून अडीचच स्टार का. पुस्तकं साइटवर पीडीएफमध्ये फुकट आहेत, सरकारच्या स्वयम या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर व्हिडिओ आहेत, म्हणजे साहित्य नाही असं नाही. पण काही पुस्तकांची भाषा जड आहे, वाचता वाचता डोळा लागेल अशी, आणि ज्या मुलाला कोणीच समजावून सांगणारं नाही त्याला नुसत्या पुस्तकावर गणित जमणं अवघड. अभ्यास केंद्रावर संपर्क वर्ग असतात, त्यांचा दर्जा केंद्राप्रमाणे बदलतो. आम्हाला मिळालेलं केंद्र, नाव घेत नाही, तिथले क्लार्क फोन उचलत नसत आणि प्रॅक्टिकलची तारीख आम्हाला दोनदा वेगवेगळी सांगितली, शेवटी लेक स्वतः बसने जाऊन नोटीस बोर्डाचा फोटो काढून घेऊन आली. हॉल तिकिटावर आणि साइटवर जे आहे तेच खरं धरा, तोंडी माहितीवर जाऊ नका. आणि केंद्र निवडायच्या आधी एकदा प्रत्यक्ष जाऊन बघा. जवळचं आहे म्हणून घेऊ नका.

थोडक्यात बोर्ड परीक्षा घेतं, शिकवायचं आपल्यालाच असतं. हे ज्यांना माहीत नाही ते मग निराश होतात.

"पण मग ती जगात कशी वावरणार?" हा प्रश्न बोर्डाचा नाही, घरी शिकवण्याचाच आहे, पण रिव्ह्यू त्याशिवाय अपुरा आहे. शाळा नसल्याने हातात जो वेळ राहतो त्यात पोरगं काय करतं यावर सगळं आहे. दिवसभर मोबाइल घेऊन पडलं तर एनआयओएस काय आणि केंब्रिज काय, काही उपयोग नाही. आमच्या लेकीचे मामा टोमॅटो मिरचीच्या रोपांची नर्सरी चालवतात, तेराव्या वर्षापासून ती आठवड्यातले काही दिवस तिथे जाते. आधी कोकोपीट भरायची, पाणी द्यायची. मग मामांनी वही दिली. कोणी किती ट्रे नेले, किती पैसे आले, किती उधारी. सीझनला तिथे पाऊल ठेवायला जागा नसते, पिंपळगावच्या बाजारात भाव चढला की सगळ्यांना एकदम टोमॅटो लावायचा असतो. एकदा मी तिथे होते, एक वयस्कर शेतकरी आले, म्हणाले "ताई, मागचे पैसे पुढच्या तोड्याला देतो, आज अजून वीस ट्रे दे." ही वही उघडून म्हणाली, "बाबा, मागचे निम्मे आज द्या, निम्म्या उधारीवर नवीन घेऊन जा, आणि रिकामे ट्रे परत आणले तर त्याचे वळते करते." त्यांनी तिच्याकडे बघितलं, मामांकडे बघितलं, मामा दुसरीकडे बघत होते. निम्मे पैसे निघाले. पुढच्या वेळी आल्यावर ते तिलाच शोधत होते, वरून ट्रेमधली कुठली रोपं खालून पिवळी पडलीत ते तिला दाखवून गेले.

होम सायन्सच्या पुस्तकात ग्राहकाचे हक्क, घरखर्चाचं नियोजन हे धडे आहेत, ते तिने एका संध्याकाळी वाचून टाकले कारण सगळं ओळखीचं होतं. डेटा एंट्रीच्या प्रॅक्टिकलसाठी एक्सेल शिकायचं होतं तर तिने नर्सरीची उधारीच शीटमध्ये चढवली, आता मामा रोज संध्याकाळी तिला विचारतात, "बघ गं, कोणाकडं किती येणं आहे?" बँकेत खातंही तिचं ती बघते, दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः खातं चालवायची परवानगी बँका देऊ शकतात, रिझर्व्ह बँकेनेच तसं सांगितलेलं आहे, तेव्हा तुमच्या मुलांचंही काढा.

काय कमी पडतं तेही सांगते. मोठ्यांशी, लहानांशी, गिऱ्हाइकांशी ती सहज बोलते, पण स्वतःच्याच वयाच्या दहा मुली एकत्र बसल्या असतील तर तिथे तिला वेळ लागतो. त्यांचे विनोद, त्यांच्या शिक्षकांच्या नकला, त्यात तिला काही घालता येत नाही. कबड्डीच्या ग्रुपने यात पुष्कळ मदत केली, तरी ही पोकळी आहे आणि होमस्कूलिंगवाल्या पालकांनी ती नाही असं म्हणू नये. तीन तास एका जागी बसून लिहायचंही तसंच, ते मुद्दाम सराव करूनच आलं. जुन्या प्रश्नपत्रिका साइटवर आहेत, घड्याळ लावून लिहून घ्या, किमान शेवटच्या दोन महिन्यांत.

लोक मला त्या मुंबईच्या मुलीचं उदाहरण देतात, जिला आईने सातवीत शाळेतून काढलं आणि जी २०१६ मध्ये अमेरिकेत एमआयटीला गेली. फार अभिमानाची गोष्ट आहे, पण तिची पूर्ण गोष्ट बघा, तिने इन्फॉर्मेटिक्स ऑलिम्पियाडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रामिंगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, तीन पदकं मिळवली होती, आणि तरी आयआयटीचा रस्ता तिला बंद होता कारण बारावीचं सर्टिफिकेट नव्हतं. सगळ्यांच्या घरी ऑलिम्पियाडचं पदक येणार नाही. आपल्या पोराला भारतात पुढे काहीही करायचं असेल, आयटीआय असो, डिप्लोमा असो, कॉलेज असो, तर हा कागद लागतो, तेव्हा "आम्ही परीक्षा मानत नाही" म्हणून दहावीच टाळणाऱ्या पालकांशी मी सहमत नाही. मूल अठराचं झाल्यावर त्याने ठरवावं काय मानायचं. तोवर त्याच्यासमोरची दारं उघडी ठेवणं आपलं काम आहे.

लेकीचा पुढचा विचार आमच्या नाशिकच्याच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा चाललाय, तिथे शेतीचे कोर्स आहेत, नर्सरी सोडायची नाही असं तिचं ठाम आहे. योगायोग म्हणजे ते विद्यापीठही १९८९ चंच.

कोणी घ्यावं: घरी शिकणारी मुलं, खेळात किंवा गाण्यात दिवसाचे सहा सहा तास घालवणारी मुलं, आजारपणामुळे शाळा सुटलेली, आणि ज्यांना एखादाच विषय छळतो अशी मुलं, कारण पास झालेल्या विषयांची पुन्हा परीक्षा नाही. कोणी घेऊ नये: ज्या घरात आईबाबा दोघंही दिवसभर बाहेर आहेत आणि मुलाला रोजची शिस्त बाहेरून लागते, त्यांनी चांगली शाळाच बघावी, त्यात काहीही कमीपणा नाही.

फॉर्म भरणार असाल तर दोन गोष्टी. मुलाचं, आईचं, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख आधार आणि जन्मदाखला दोन्हींवर एकसारखी आहे का ते आधी बघा, नसेल तर आधार आधी दुरुस्त करा, कारण मार्कशीटवर तेच छापून येतं आणि नंतर बदलायला फार चकरा होतात. आणि निकालानंतर मार्कशीटबरोबर मायग्रेशन आणि ट्रान्सफर सर्टिफिकेटही येतं, ते जपून ठेवा, अकरावीच्या प्रवेशाला शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या जागी तेच मागतात. मार्कशीट डिजिलॉकरवरही मिळते. कोणाला विषय निवडताना अडचण असेल तर खाली विचारा, लेक स्वतः उत्तर देईल, तिला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे.